अश्वहृदय की अक्षहृदय?

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीस महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन डर्बी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत टोप्यांची छायाचित्रे येतात. टोप्यांखालचे चेहरे ओळखीचे असतात आणि त्यांची नावे छायाचित्राखाली अचूक दिलेली असतात. जिंकलेल्या घोड्याचेही नाव असते. पण तो कोणत्या घोडीच्या पोटचा, आधीच्या शर्यतीत कितवा आला होता, शेवटच्या वळणावर कोठे होता, याविषयी अवाक्षर नसते. दूरचित्रवाणीच्या बातम्यांत ही शर्यत आलीच, तर तिचे अखेरचे दहा सेकंद येतात. १९४३ साली सुरू झालेली ही शर्यत २४०० मीटरची असून ती सुमारे अडीच मिनिटे चालते. पैकी पहिली दोन मिनिटे वीस सेकंद जणू घडलेलीच नसतात.

मी मराठी साहित्य शिकवतो आणि रेसला जातो. ही दोन विधाने एका वाक्यात आली की प्राध्यापकांच्या खोलीत दोनच प्रकारचे प्रतिसाद मिळतात. एक प्रतिसाद नैतिक असतो : “आपल्यासारख्या माणसाने जुगार खेळावा?” दुसरा, दार लोटून घेतल्यावर, व्यावहारिक असतो : “सर, एखादी टीप असली तर सांगा.” वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही गृहस्थांत एक साम्य आहे. दोघांनाही घोडा दिसत नाही. एकाला पाप दिसते, दुसऱ्याला पैसा. आणि हे आंधळेपण त्यांचे स्वतःचे नाही, ते त्यांना पुरवलेले आहे, असा माझा आरोप आहे. शर्यत दाखवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच ती दाखवणे सोडून दिले आहे.

या आरोपासाठी मला आपल्या परंपरेतूनच दोन शब्द घ्यावयाचे आहेत. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित असते, पण ते बहुधा हंस आणि स्वयंवर यांच्यापुरते. त्याचा उत्तरार्ध मात्र शर्यतीच्या शौकिनाने मुद्दाम वाचावा. द्यूतात सर्वस्व हरलेला, विद्रूप झालेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि एका दिवसात विदर्भ गाठायचा असतो. बाहुक पागेत जातो आणि अंगाने कृश दिसणारे घोडे निवडतो. राजा रागावतो, हे मरतुकडे घोडे काय पळणार, असा त्याचा प्रश्न असतो. बाहुक त्याला घोड्यांच्या अंगावरील भोवरे, त्यांचे कुळ आणि लक्षणे सांगतो. ज्याला रेसच्या भाषेत पॅडॉक म्हणतात, म्हणजे शर्यतीपूर्वी घोडे फिरवून दाखवण्याची जागा, तेथे दर रविवारी हाच संवाद चालतो. एक जण घोड्याची तुकतुकी पाहतो, दुसरा त्याची चाल पाहतो.

पुढे वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे क्षणात मोजून दाखवतो. त्याच्याकडे अक्षहृदय आहे, म्हणजे फाशांचे आणि संख्येचे मर्म. बाहुकाकडे अश्वहृदय आहे. दोघांत विद्यांची अदलाबदल ठरते. नलाला अक्षहृदय मिळते आणि त्याच्या देहातून कली बाहेर पडतो. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की नलाची द्यूतपीडा द्यूताचा त्याग करून सुटत नाही. द्यूताचे ज्ञान झाल्यावर सुटते. दुसरी ही, की ऋतुपर्ण अश्वहृदय तत्काळ घेत नाही. तुझ्याजवळच ठेव म्हणून राहू दे, असे तो सांगतो. संख्येची विद्या तेथल्या तेथे दिली गेली, घोड्याची विद्या मागाहून द्यायची राहिली. आख्यानात नल ती ठेव पुढे प्रामाणिकपणे परत करतो. आपल्याकडे मात्र ती परत करण्याचे कोणी नावच काढीत नाही.

घोड्यांची शर्यत ही या दोन विद्यांच्या अदलाबदलीची जागा आहे, असे माझे म्हणणे आहे. केवळ अश्वहृदय असेल तर ती घोड्यांची पैदास होईल. केवळ अक्षहृदय असेल तर तो मटका होईल. हा माझा एकट्याचा भावुक समज नव्हे; आपल्या कायद्याचाही तोच आधार आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने परवानाप्राप्त मैदानावरील घोड्यांच्या पैजा जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. घोड्याचे कुळ, त्याची तयारी, त्याची पूर्वीची कामगिरी आणि जॉकीचे नैपुण्य यांवर निकाल अवलंबून असतो, आणि पैज लावणाऱ्याला या गोष्टी अभ्यासता येतात, असा त्यामागचा विचार आहे. म्हणजे रेसला जे काही नैतिक आणि कायदेशीर स्थान आहे, ते प्रेक्षकाला घोडा वाचता येतो या एका गृहीतकावर उभे आहे.

आता हा प्रेक्षक पडद्यावर काय पाहतो ते पाहा. मैदानाबाहेर, दुसऱ्या शहराच्या मैदानावर वा घरी बसून जो शर्यत पाहतो, त्याच्यासमोर दोन शर्यतींमधील जवळपास सगळा वेळ आकड्यांचा तक्ता असतो. घोडे फिरत असतात, पण चित्राच्या कोपऱ्यात. त्यांची चाल नीट पाहून घ्यावी तोवर आकडे बदलतात आणि चित्र आक्रसते. शर्यत सुटली की कॅमेरा पुढच्या दोन-तीन घोड्यांना चिकटतो. पण शर्यत वाचता येते ती मागच्या सात-आठ घोड्यांत. कोण आतल्या कठड्याला अडकला, कोणाला बाहेरून लांबचे वळण घ्यावे लागले, कोणाच्या जॉकीने वेळेआधी चाबूक उचलला आणि कोणाच्या जॉकीला हात हलवायला जागाच मिळाली नाही, हे सर्व तेथे घडत असते. पाचवा आलेला घोडा पुष्कळदा त्या शर्यतीतला सर्वांत चांगला घोडा असतो. पडद्याच्या लेखी मात्र तो केवळ पाचवा असतो.

आणि हे भावांचे आकडे तरी काय सांगतात? टोटचा भाव ही सरळ गणिती गोष्ट आहे. सर्वांनी लावलेला पैसा एकत्र करायचा, कर आणि खर्च वजा करायचा आणि उरलेला जिंकणाऱ्यांत वाटायचा. म्हणजे भाव घोड्याविषयी काहीच सांगत नाही. घोड्याविषयी इतर लोक काय समजतात, एवढेच तो सांगतो. साहित्याच्या अभ्यासकांना हा भेद मी काय समजावून द्यावा! पुस्तकाच्या खपाचा आकडा म्हणजे पुस्तकाची समीक्षा नव्हे, हे आपण वर्गावर्गांतून सांगत आलो आहोत. झोलाच्या ‘नाना’ कादंबरीत नाना नावाच्या घोडीची शर्यत आहे. तिचा भाव कुजबुजीने कसा हलतो आणि त्या कुजबुजीमागे मालकाचा कोणता डाव आहे, हे झोलाने निर्दयपणे दाखवले आहे. भाव हा प्रवाद आहे. प्रवादालाच संहिता मानणाऱ्या प्रक्षेपणाला वृत्तांत म्हणता येणार नाही.

दूरचित्रवाणीला हे जमतच नाही, असे कोणी म्हणेल. त्यासाठी मी इंग्लंडचा एक जुना दाखला देतो. १९६७ च्या ग्रँड नॅशनलमध्ये तेविसाव्या अडथळ्यापाशी स्वार पडलेला एक मोकळा घोडा आडवा धावला, पुढचे घोडे एकमेकांवर आदळले आणि जवळजवळ सगळी शर्यत तेथे थांबली. खूप मागून येणारा फॉइनाव्हॉन नावाचा घोडा त्या गर्दीतून वाट काढून एकटाच पलीकडे गेला आणि अखेर जिंकला. बुकींकडे त्याचा भाव एकास शंभर होता. टोटने तर एकास चारशे चव्वेचाळीस दिले. पण मला महत्त्वाचा वाटतो तो मायकेल ओ’हिहिर हा समालोचक. बीबीसीच्या प्रक्षेपणात त्या गोंधळातही त्याने घोड्याचे नाव अचूक घेतले. कोणाच्या खिजगणतीत नसलेला घोडा त्याने त्याच्या जॉकीच्या पोशाखावरून ओळखला, कारण जॉकींची वजने होतात त्या खोलीत जाऊन त्याने तो अपरिचित पोशाख आधीच पाहून ठेवला होता. भावाच्या तक्त्यावर विसंबणाऱ्याला फॉइनाव्हॉन दिसलाच नसता. कौशल्य हे असे असते, आणि ते पडद्यावर आणता येते. इच्छा मात्र हवी.

इच्छा नसते याचा सर्वांत दुःखद पुरावा घोडा पडतो तेव्हा मिळतो. धावता घोडा पाय मोडून कोसळला की कॅमेरा हटकून पुढच्या घोड्यांबरोबर जातो आणि पुन्हा मागे वळत नाही. समालोचनात घोड्याचे नाव फक्त यायचे थांबते. हे प्रेक्षकाच्या कोमल मनाची काळजी घेण्यासाठी होते, असे सांगितले जाते. टॉल्स्टॉयने ‘अॅना कॅरेनिना’त ही काळजी घेतलेली नाही. तेथे शर्यत दोनदा सांगितली आहे : एकदा घोडीच्या पाठीवरून, व्रॉन्स्कीच्या अनुभवातून, आणि एकदा प्रेक्षागारातून, अॅनाकडे पाहणाऱ्या कॅरेनिनच्या नजरेतून. व्रॉन्स्कीच्या एका चुकीने फ्रू-फ्रूची पाठ मोडते. कादंबरीकार तेथून हलत नाही. घोडी उठण्याची धडपड करते आणि व्रॉन्स्की संतापून तिला लाथ मारतो, तेही आपल्याला पाहावे लागते. ते पाहिल्यावाचून पुढची कादंबरी समजत नाही. माझ्यासारख्या शौकिनाने हे मान्य केले पाहिजे, की ज्या खेळावर आपले प्रेम आहे त्यात प्राणी मरतात. जे पाहण्याची आपली तयारी नाही त्यावर पैसे लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. पडलेला घोडा दाखवला गेला, त्याचे पुढे काय झाले हे सांगितले गेले, तर धावपट्टीची अवस्था, चाबकाचा वापर, जखमी घोडा उतरवण्याची घाई यांविषयी प्रश्न विचारले जातील. कॅमेरा वळतो तो या प्रश्नांपासून.

आता नैतिक आक्षेपाकडे येतो. तो मी हलका मानीत नाही, कारण तो माझ्या घरातला आहे.

आमचे मामा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. रविवारी ते मला महालक्ष्मीला नेत. आम्ही स्वस्त तिकिटाच्या बाजूला उभे राहत असू. मामांनी आयुष्यात एकही कादंबरी वाचली नाही, पण रेसची पुस्तिका ते ज्या रीतीने वाचत, त्या रीतीने कादंबरी वाचणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. कानावरची पेन्सिल काढून ते प्रत्येक घोड्याच्या नावापुढे काहीतरी लिहीत. ‘अडकला.’ ‘उशिरा सुटला.’ ‘मागून आला, पुढच्या खेपेस पाहणे.’ ‘आज मन नव्हते.’ १९७० च्या दशकात एकोणीसपैकी अठरा शर्यती जिंकणाऱ्या स्क्वॉन्डररविषयी ते बोलत, तेव्हा त्यात पैशाचा उल्लेख नसे. त्या घोड्यावर लावून मिळणार तरी काय होते! ते त्याच्या ढांगेविषयी बोलत. पैज लहान असे. ती म्हणजे आपल्या वाचनाखाली केलेली सही होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला आणि मैदानाचे तिकीटही परवडेनासे झाले. मामा मैदानावर जायचे थांबले; पैज लावायचे मात्र थांबले नाहीत. गल्लीत बुकी होता. त्याच्याकडे तिकीट लागत नसे, उधारी चाले, आणि बंगळूर, मद्रास, कलकत्ता, कोठलेही घोडे मिळत. त्या घोड्यांपैकी एकही मामांनी कधी पाहिला नव्हता. त्याच वर्षी मामीच्या पाटल्या गेल्या. मामी त्यावर कधी काही बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणे आमच्या घरात पुढे वीस वर्षे होते.

म्हणून “रेसने माणसे बुडतात” असे कोणी म्हटले की मी वाद घालीत नाही. मी एवढेच विचारतो, की माणूस नेमका कोठे बुडाला? मामा मैदानावर बुडाले नाहीत. घोडा दिसेनासा झाला आणि आकडा उरला, तेव्हा बुडाले. गिरणगावाला ही गोष्ट नवी नव्हती. मटक्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवरील पैजेतून झाली. ज्याच्या हातात दिवसभर कापसाचे सूत असे, तो कामगार रात्री कापसाच्या आकड्यावर पैसे लावी. पुढे ते भाव येणे बंद झाले, तरी मटका बंद झाला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. कापूस गेला, आकडा राहिला. आज रेसच्या पडद्यावर तीच क्रिया घोड्याच्या बाबतीत चालू आहे.

सरकारलाही आता हा भेद दिसेनासा झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर कायद्याने पक्का झाला; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कॅसिनो, लॉटरी आणि घोड्यांची शर्यत एकाच ओळीत बसली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ सालीच संमत केला, आणि त्यात तर खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्नच अप्रस्तुत ठरवला आहे. त्या बंदीविषयी माझी तक्रार नाही. मोबाइलच्या पडद्यावर रात्रभर आकडे पाहत बसलेली मुले मी वसतिगृहांत पाहिली आहेत. पण जबर कराचा भार परवानाधारक मैदानावर पडतो. गल्लीतला बुकी काही कर भरीत नाही. म्हणजे हा कर शौकिनाला घोड्यापासून दूर आणि आकड्याच्या जवळ ढकलतो. आमच्या मामांना संपाने जेथे ढकलले, तेथेच.

तरीही मी सरकारला पहिला दोष देणार नाही. आमचा खेळ कौशल्याचा आहे असे न्यायालयात सांगायचे आणि पडद्यावर तो आकड्यांचा करून दाखवायचा, हे फार काळ चालत नसते. कर ठरवणारा अधिकारीसुद्धा प्रेक्षकच असतो. त्याला जे दाखवले तेच त्याने पाहिले.

यावर रेसच्या वर्तुळातून एक ठरलेले उत्तर येते : सामान्य प्रेक्षकाला घोड्यात रस नसतो. हे उत्तर ऐकले की मला बैलगाडा शर्यती आठवतात. २०२१ साली त्यांना परवानगी मिळाली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यासंबंधीचा कायदा वैध ठरवला. घाटावर ध्वनिक्षेपक घेऊन उभा असलेला समालोचक बैलाचे नाव, गाव, मालक, मागच्या मैदानातली कामगिरी हे सर्व एका दमात सांगतो, आणि तेही अस्सल मराठीत. हजारो माणसे ते ऐकतात. त्या शर्यतींवरही आक्षेप आहेत आणि त्यांतले काही मला मान्य आहेत. पण जनावर ओळखून त्याच्याविषयी बोलणारी मराठी आज जिवंत आहे, हे तेथे सिद्ध होते. ज्या भाषेत अबलख, कुमैत, पंचकल्याणी असे शब्द आहेत, जिच्या इतिहासाचा अर्धा भाग पागेत घडला, त्या भाषेच्या माणसाला महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यती इंग्रजी समालोचनातून समजून घ्याव्या लागतात. मराठीच्या वाट्याला त्या खेळातून दोनच वाक्ये आली : ‘लागला’ आणि ‘बुडाला’. मराठी साहित्यानेही दुसऱ्याच वाक्यावर भागवले, हे आपण स्वतःशी कबूल करावे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पॅडॉकमधले घोडे पूर्ण पडद्यावर, सावकाश दाखवा. शर्यत चालू असताना आकडे पडद्यावरून हटवा. सर्व घोडे दिसतील असे एक रुंद चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवा. पंचांनी चौकशी केली तर निर्णयाबरोबर कारणेही सांगा. पडलेल्या घोड्यापासून कॅमेरा वळवू नका. आणि हे सर्व मराठीत सांगणारा एक माणूस नेमा. २०२४ साली महालक्ष्मीच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी देण्याचे ठरले, तेव्हा शहरात फारसे कोणी हळहळले नाही. हळहळणार कोण? त्या मैदानावर काय चालते हे शहराला कोणी दाखवलेच नव्हते.

मामा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत रेसच्या पुस्तिका सापडल्या. १९८१ पर्यंतच्या पुस्तिकांचे समास त्या बारीक अक्षराने भरलेले आहेत. त्यानंतरच्या पुस्तिकांत अक्षर तेच आहे, पण शेरे नाहीत. फक्त आकडे आहेत, काही खोडलेले, काही पुन्हा गिरवलेले. मी त्या दोन्ही प्रकारच्या पुस्तिका जपून ठेवल्या आहेत. कोणी “रेस म्हणजे जुगारच ना?” असे विचारले, तर उत्तरादाखल त्या दोन शेजारी शेजारी ठेवाव्यात, असे मला वाटते.